मेणावर कोरलेला गळा

हे मेणाचं नळकांडं. चार इंच लांब, तपकिरी. धरायची रीत बघा: दोन बोटं आत घालायची आणि फाकवायची. बाहेरून धरलं की बोटांचा तेलकटपणा मेणावर राहतो आणि तिथंच बुरशी धरते.

अशीच नळकांडी नि फोनोग्राफ, म्हणजे मेणावर आवाज कोरणारं आणि तो वाजवणारं यंत्र, घेऊन संगीतकार पर्सी ग्रेंजर 1906 साली इंग्लंडच्या लिंकनशर भागात लोकगीतं जमवत हिंडले. तिथं त्यांना लाभलेला सर्वांत मोठा गळा जोसेफ टेलर यांचा. सॅक्सबी ऑल सेंट्स गावचे, एका इस्टेटीचे कारभारी, जन्म 1833 चा. आदल्याच वर्षी ब्रिग गावच्या लोकगीतांच्या स्पर्धेत पहिले आलेले.

भोंग्यात जवळजवळ तोंड घालून गायचं. वीतभर मागं सरलात तर आवाज पुसट, जोर लावलात तर खरखर. किल्ली पुरती दिली नाही तर नळकांडं मंदावत जातं, आणि मग नेहमीच्या वेगानं वाजवताना सूर चढतो. मिनिटाला 160 फेरे, इंचात खाचेचे 100 आटे. म्हणजे जेमतेम दोन-अडीच मिनिटं. लांबलचक कथागीतं त्यात मावायची कशी? मध्येच तुटायची.

ऐका.

[ध्वनी: टेलर, ‘ब्रिग फेअर’, पहिलं कडवं]

कोमल गंधार, कोमल निषाद. आपल्या कानाला हा सरळ काफी थाट. टेलरना या गाण्याची दोनच कडवी येत होती, पण स्वरावर जाता जाता घेतलेल्या त्या बारीक हरकती ऐकल्यात? ग्रेंजर यंत्राचा वेग कमी करून त्या एकेक टिपत. 1908 साली छापलेलं हे पान जवळून बघा, ओळीओळीला मात्रा बदलतायत. नुसत्या कानानं टिपणारे संग्राहक बहुधा हे सगळं एका तालात बसवून टाकत. कडव्यागणिक चाल थोडी वळली तर म्हातारा चुकला म्हणायचं! तो चुकत नव्हता. ही गायकीच तशी आहे.

याच चालीवर इंग्रज संगीतकार डेलियस यांनी 1907 मध्ये ऑर्केस्ट्रासाठी रचना केली. 1908 मध्ये लंडनला ग्रामोफोन कंपनीनं टेलरच्या तबकड्या काढल्या. पारंपरिक इंग्रज गायकाच्या विक्रीला आलेल्या या पहिल्याच. 1910 मध्ये टेलर वारले.

मेणावर सुई टेकली की दर खेपेला खाच झिजते. मघाशी ऐकलंत ते तबकडीवरचं.

[ध्वनी: दुसरं कडवं. निवेदन नाही.]