झॉइगेटीअर: पाजणारा प्राणी

नमस्कार मंडळी! हा कागद बघा. यावर मी एक जर्मन शब्द लिहिलाय: Säugetier. उच्चार ‘झॉइगेटीअर’, आणि त्यातला झ आपल्या ‘झाड’मधला. अर्थ: सस्तन प्राणी.

शब्द जोडून केलाय. ‘टीअर’ म्हणजे प्राणी. खरी गंमत पहिल्या भागात आहे. स्वरावरची ही दोन टिंबं दिसतात? आता त्यांच्यावर बोट ठेवते. टिंबं असताना ‘झॉइगन’, म्हणजे पाजणं. टिंबं झाकली की ‘झाउगन’, म्हणजे चोखणं, लुचणं. वासरू लुचतं आणि गाय त्याला पाजते, तसंच. आपण ‘पिणे’पासून ‘पाजणे’ करतो, जर्मन माणूस स्वर बदलतो. मला हे फार आवडतं!

आता थोडं मागे जाऊ. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस या प्राण्यांना आधी ‘चतुष्पाद’ म्हणायचा. पण मग देवमाशाचं काय करायचं? त्याला पाय कुठेत? 1758 साली त्यानं नवं लॅटिन नाव दिलं, ‘मॅमेलिया’. ‘मॅमा’ म्हणजे स्तन. त्याआधी 1752 मध्ये त्यानं बाळाला दूध पाजायला परक्या बाईकडे देण्याच्या प्रथेविरुद्ध लिहिलं होतं, आईनंच पाजावं म्हणून. त्यामुळे हा विषय त्याच्या मनात आधीपासून होता.

पुढे त्याचाच विद्यार्थी श्रेबर यानं 1774 पासून या प्राण्यांवरचा सचित्र ग्रंथ काढला. ग्रंथ जर्मनमध्ये, आणि नावातच ‘झॉइगटीअरं’. लॅटिन नाव अवयवावरून पडलं, जर्मन नाव कामावरून. आपला ‘सस्तन’ शब्द लॅटिनच्या बाजूचा: स्तन असलेला.

काय फरक पडतो? ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस घ्या. बदकासारखी चोच, अंडी घालतो. 1826 मध्ये मेकेल या जर्मन शरीररचनातज्ज्ञानं मादीच्या दूधग्रंथींचं वर्णन छापलं. दूध आहे, पण स्तनाग्रं नाहीत! पोटावरच्या कातडीतून दूध पाझरतं आणि पिल्लू ते केसांमधून टिपून घेतं.

‘सस्तन’ म्हणताना इथे जीभ जरा अडखळते. पण ती मादी पिल्लाला पाजते, म्हणजे झॉइगेटीअर ती आहेच.