एकाच पबमधला अबोला

(दृश्य: समुद्र, दगडी गडगे, चढावरची पायवाट)

दुपारचे दोन वाजले की पॉरिकनं कॉलमला घरी जाऊन हाक मारायची आणि दोघांनी पबमध्ये जाऊन बसायचं, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. आज मात्र कॉलम आत खुर्चीत सिगारेट ओढत बसलाय. पॉरिक खिडकीतून डोकावतोय, तरी मान वळवत नाही. भांडण नाही, पैशांची देणीघेणी नाही. त्याला पॉरिक आवडेनासा झालाय, एवढंच.

मार्टिन मॅकडोना यांचा २०२२चा चित्रपट 'द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन'. बॅन्शी म्हणजे आयरिश लोककथांतली, मृत्यूची चाहूल देणारी बाई. काळ १९२३, जागा आयर्लंडच्या पश्चिमेचं एक काल्पनिक बेट. पब एकच. त्यामुळे ज्याचं तोंड बघायचं नाही, तोच रोज समोर.

कॉलमची तक्रार काय? गाढविणीच्या लिदीत काय सापडलं, यावर पॉरिक दोन तास बोलत होता म्हणे. पॉरिकला राग येतो तो वेगळाच: लीद गाढविणीची नव्हे, तट्टाची होती! म्हणजे हा नीट ऐकतही नव्हता.

(दृश्य: फिडलच्या, म्हणजे व्हायोलिनच्या, तारांवर बोटं)

कॉलमला उरलेल्या आयुष्यात संगीत रचायचंय. मोझार्टचा दाखला देतो, त्यातही शतक चुकवतो. मग धमकी: पुन्हा बोललास, तर दर वेळी माझंच एक बोट छाटीन. आणि तो छाटतो! कॉलम साकारणारे ब्रेंडन ग्लीसन स्वतः फिडल वाजवतात, चित्रपटाच्या नावाची ती धूनही त्यांचीच. म्हणून ती बोटं पाहताना पोटात गोळा येतो.

पलीकडे मुख्य भूमीवर यादवी पेटलीय. पोलीसदादा तिकडे देहदंडाच्या बंदोबस्ताला निघालेत, कोण कोणाला मारणार हे मात्र त्यांच्या ध्यानात नाही. चित्रपट म्हणजे यादवीचं रूपक, असं बरेच जण म्हणतात. असेलही, पण मला त्यापेक्षा तट्टाची लीद खरी वाटते.

गंमत म्हणजे, पॉरिकचं घर चित्रित झालं इनिशमोर बेटावर, कॉलमचं अकिल बेटावर. पडद्यावर चालत जाण्याइतकं अंतर, प्रत्यक्षात मध्ये समुद्र.

ऑस्करची ९ नामांकनं मिळाली, हाती एकही नाही. ब्रिटनचे बाफ्टा पुरस्कार मात्र ४, त्यातला एक केरी कॉन्डनला. तिनं साकारलेली पॉरिकची बहीण शिव्हॉन या सगळ्यांत शहाणी: दोघांनाही सुनावते आणि ग्रंथालयातली नोकरी धरून सरळ बेट सोडते.