हुकूम होता म्हणून सुटका नाही

श्रोतेहो, नमस्कार.

तालुक्याच्या गावी बाजाराला गेलात की दवाखान्याच्या पाटीवर, औषधाच्या दुकानावर, एखाद्या डॉक्टरांच्या गाडीच्या काचेवर पांढऱ्यावर रंगवलेला लाल क्रॉस दिसतो. आपण त्याला डॉक्टरांची खूण समजतो, पण ती डॉक्टरांची खूण नाही. रणांगणावर जखमींची सेवा करणाऱ्यांवर कोणी शस्त्र चालवू नये म्हणून १८६४ साली जिनिव्हात ठरलेली ती खूण आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ती वापरली तर आपल्याकडे ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

हा दंड ज्या कायद्यात सांगितला आहे त्याचं नाव जिनिव्हा करार अधिनियम, १९६०. दंडाची गोष्ट त्यातली किरकोळ. त्याच कायद्याचं तिसरं कलम वाचा. जिनिव्हा करारांचा गंभीर भंग करून, करारानं संरक्षण दिलेल्या माणसाला, म्हणजे जखमी सैनिकाला, युद्धकैद्याला, शत्रूच्या ताब्यातल्या सामान्य नागरिकाला, जाणूनबुजून ठार मारलं तर फाशी किंवा जन्मठेप. छळ किंवा तत्सम इतर गंभीर भंगांसाठी १४ वर्षांपर्यंत कैद. गुन्हा भारतात घडलेला असो की बाहेर, आरोपी आपल्या देशात जिथे सापडेल तिथे त्याच्यावर खटला चालवता येतो, आणि तो चालवायला सत्र न्यायालय पुरेसं आहे. म्हणजे कायद्यानं पाहिलं तर यवतमाळ किंवा वाशीमच्या ज्या कोर्टात आपण जमिनीच्या दाव्याच्या तारखेला जातो, त्याच इमारतीत.

हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पानठेल्यावर लढाईच्या बातम्या निघाल्या की कोणीतरी हमखास म्हणतं, "आपल्याकडं कोंबडी चोरली तं पोलीस येते, अन् तिकडं हजारो मानसं मारनाऱ्याले कोन पकडते?" प्रश्न रास्त आहे. याला उत्तर द्यायला जगाला फार वेळ लागला, आणि ते अजून पुरतं दिलेलं नाही.

पहिल्या महायुद्धातली गोष्ट घ्या. २७ जून १९१८ च्या रात्री आयर्लंडच्या किनाऱ्यापासून दूर, लँडोव्हरी कॅसल नावाचं रुग्णालय-जहाज जर्मन पाणबुडीनं बुडवलं. त्यावर लाल क्रॉस होता. जहाज बुडाल्यावर जीवरक्षक होड्यांत बसलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. पाणबुडीचा कप्तान हाती लागला नाही. त्याच्या दोन अधिकाऱ्यांवर १९२१ मध्ये लाइपझिगच्या जर्मन न्यायालयात खटला झाला. वरिष्ठांचा हुकूम होता, हा त्यांचा बचाव. न्यायालयानं तो फेटाळला. बुडणाऱ्या माणसावर गोळी झाडणं बेकायदा आहे हे कोणालाही कळतं, तेव्हा असा हुकूम पाळणाराही गुन्हेगारच. शिक्षा जेमतेम चार वर्षांची, आणि ते दोघं पुढे तुरुंगातून निसटले. तरी त्या निकालातलं तत्त्व टिकलं.

तेच तत्त्व, दुसऱ्या महायुद्धात जर्मनी हरल्यावर जेत्या राष्ट्रांनी नाझी पुढाऱ्यांवर खटला चालवण्यासाठी केलेल्या ८ ऑगस्ट १९४५ च्या लंडन सनदेत पक्कं झालं. आरोपी राष्ट्रप्रमुख असला तरी सुटका नाही. हुकुमाचा आधार शिक्षा कमी करायला चालेल, निर्दोष ठरायला चालणार नाही. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गला या सनदेखाली अशा २२ जणांचा निकाल लागला. १२ जणांना फाशी, ७ जणांना कैद, आणि ३ जण निर्दोष सुटले. हे तिघं सुटले म्हणून मी त्या खटल्याला खटला म्हणतो.

आता आक्षेप. जपानी पुढाऱ्यांवरच्या टोकियोच्या खटल्यात ११ न्यायाधीश होते, त्यांत आपल्या बंगालचे राधाबिनोद पाल. आक्रमक युद्ध करणं हा त्या काळी कायद्यानं गुन्हा नव्हता, मग नंतर केलेल्या कायद्यानं शिक्षा कशी देता, असं विचारून त्यांनी सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारं स्वतंत्र निकालपत्र लिहिलं. जपानी सैन्यानं अत्याचार केलेच नाहीत, असं मात्र ते म्हणाले नाहीत. मी वकिली करतो, आणि मला हा आक्षेप मोलाचा वाटतो. आपल्या संविधानाचं २० वं कलम हेच सांगतं, की कृत्य करताना जो गुन्हा नव्हता त्यासाठी नंतर शिक्षा नाही. पण युद्धकैदी मारणं, गावं लुटणं लढाईच्या रीतीबद्दलच्या १९०७ च्या हेग नियमांनी आधीच निषिद्ध होतं. तिथे हा आक्षेप लागू पडत नाही, असं माझं मत आहे. आणि १९४९ नंतर तर कोणालाच ही सबब उरलेली नाही. त्या वर्षी १२ ऑगस्टला चार जिनिव्हा करार झाले. गंभीर भंग करणाऱ्याला शोधा, तो कोणत्याही देशाचा असो, आपल्या न्यायालयात उभा करा, नाहीतर खटला चालवणाऱ्या दुसऱ्या देशाच्या हवाली करा, हे बंधन प्रत्येक सरकारनं स्वतःवर घेतलं. भारतानं १९५० मध्ये.

शेतकरी बंधू-भगिनींना एक गोष्ट सांगायलाच हवी. जिनिव्हा करारांना जोडलेल्या १९७७ च्या पहिल्या पुरवणी कराराचं ५४ वं कलम म्हणतं, की लोकांची उपासमार करणं हे लढाईचं हत्यार होऊ शकत नाही. धान्य, उभं पीक, गुरंढोरं, पिण्याच्या पाण्याची सोय, ओलिताची साधनं लोकांना उपाशी मारण्यासाठी नष्ट करायची नाहीत. भारतानं हा पुरवणी करार मान्य केलेला नाही, याचं मला वाईट वाटतं. विहीर बुजवली आणि बैल मारले तर माणूस गोळीशिवाय मरतो, हे आपल्याइतकं कोणाला कळणार?

१९९४ मध्ये आफ्रिकेतल्या रुआंडात सुमारे १०० दिवसांत तुत्सी जमातीचे लाखो लोक मारले गेले. तिथल्या ताबा नावाच्या भागाचा प्रमुख होता जाँ-पॉल अकायेसू, एके काळचा शिक्षक. आपल्या सरपंचासारखा गावकारभारी, पण पोलीसही त्याच्या हाताखाली. जीव वाचवायला बाया त्याच्या कचेरीच्या आवारात आल्या आणि तिथेच त्यांच्यावर बलात्कार झाले. रुआंडातल्या गुन्ह्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या न्यायालयात त्याच्यावर खटला झाला, पण सुरुवातीच्या आरोपपत्रात हा आरोपच नव्हता. स्त्रियांनी साक्षीत सांगितलं, न्यायाधीशांमधल्या एकमेव स्त्री, दक्षिण आफ्रिकेच्या नवनीतम पिल्लई, यांनी खोदून विचारलं, आणि १९९७ मध्ये आरोपपत्र बदललं. २ सप्टेंबर १९९८ चा तो निकाल म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालयानं वंशसंहारासाठी, म्हणजे एखादा समाज पूर्ण किंवा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूनं केलेल्या कृत्यांसाठी, ठरवलेला पहिला दोष. बलात्कार हाही वंशसंहाराचा मार्ग असू शकतो, हे त्यात प्रथम लिहिलं गेलं. त्याच न्यायालयानं २००३ मध्ये द्वेष पसरवणाऱ्या तिथल्या एका रेडिओ केंद्राच्या संस्थापकांनाही दोषी धरलं. त्या केंद्रानं हातात कोयता घेतला नव्हता. फक्त बोललं होतं. माइकसमोर बसताना मला ते आठवतं.

हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय १७ जुलै १९९८ च्या रोम करारातून जन्मलं आणि २००२ मध्ये सुरू झालं. वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे (म्हणजे सामान्य नागरिकांवरचे व्यापक किंवा पद्धतशीर हल्ले), युद्धगुन्हे आणि आक्रमण, हे चार गुन्हे त्याच्याकडे. फाशी नाही. मुदतीची आडकाठी नाही, ४० वर्षांनीही खटला भरता येतो. पण त्याला स्वतःचे पोलीस नाहीत, अटक सदस्य देशांनी करायची. आणि ज्या देशात प्रामाणिकपणे खटला चालतो, तिथे ते हात घालत नाही. पहिला हक्क आणि पहिली जबाबदारी घरच्या कोर्टाची. भारत या न्यायालयाचा सदस्य नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या हाती दिलेल्या अधिकारांवर आपला आक्षेप होता, आणि तो अगदीच बिनबुडाचा नव्हता.

पण मग घरच्या कोर्टाचं काय? १९६० च्या कायद्याखाली फक्त सरकार किंवा सरकारनं नेमलेला अधिकारी तक्रार करू शकतो. पीडितानं अर्ज केला तर न्यायालय दखल घेऊ शकत नाही. वंशसंहाराच्या कराराला आपण १९५९ मध्ये मान्यता दिली आणि त्यासाठी देशात कायदा करण्याचं वचन दिलं. तो कायदा आजही नाही. १९८४ च्या दिल्लीतल्या शीख हत्याकांडाच्या एका खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयानं १७ डिसेंबर २०१८ रोजी स्पष्ट लिहिलं, की वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे आपल्या कायद्यात नाहीत आणि ही पळवाट तातडीनं बुजवली पाहिजे. त्यानंतर नवी भारतीय न्याय संहिता आली, १ जुलै २०२४ पासून लागूही झाली. तिच्यात हे गुन्हे नाहीत.

हेगचं सदस्यत्व न घेताही संसद हा कायदा करू शकते. तुमचे खासदार गावात येतील तेव्हा रस्ता, वीज, कापसाचा भाव यांबरोबर हेही विचारा, की १९५९ चं वचन संसदेच्या पटलावर कधी येणार. पत्र लिहिलंत तरी चालेल.

नमस्कार.