नववीच्या वर्गात परत आलेली पोरं

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यात हायस्कूलला गणित शिकवतो, त्यामुळे आज बोलणार ते माझ्या रोजच्या कामातलंच. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात, कुणी कोल्हापूर-सांगलीकडं तर कुणी पार कर्नाटकात. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, जावंच लागतं. टोळी परत येते मार्च-एप्रिलात, तोवर वर्गात पोर्शन संपलेला असतो.

लहान पोरं आजीपाशी राहतात, हंगामी वसतिगृहामुळं जेवणाची सोय होते, ते बरंच आहे. पण शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयापुरता, आणि नेमकी तिथूनच गळती लागते बघा. पोरगा अंगानं भरला की तोही फडात, म्हणजे उसाच्या तोडीला, उतरतो, आणि पोरगी असली तर धाकट्यांना सांभाळायला कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, नाहीतर घरात लग्नाची बोलणी.

यातली काही पोरं जूनमध्ये शाळेत येतात. स्वतःच्या पायानं येतात, हे मला फार मोलाचं वाटतं. आणि आपण काय करतो, तर नववीत बसवून पहिल्याच आठवड्यात संच आणि बहुपदी सुरू करतो, आणि त्याचं गणित अडलेलं असतं चौथीच्या भागाकारापाशी. हे एकट्या बीडचं नाही. 2023 च्या असर या शिक्षणविषयक पाहणीत 28 ग्रामीण जिल्ह्यांतली 14 ते 18 वयाची मुलं तपासली, तर तीन अंकी संख्येला एका अंकानं भागणं जमलं फक्त 43 टक्क्यांना. म्हणजे वर्गात बसलेल्यांचीही तीच गत, मग सहा महिने फडात काढलेल्याला नावं ठेवून काय उपयोग?

बरं, या पोरांना हिशोब येत नाही असं समजू नका. मी विचारतो, समजा उचल 54 हजार आणि टनाला 360 रुपये, तर किती टन तोडले की उचल फिटली? पोरगं वहीला हात न लावता तोंडी सांगतं, शंभर टनाचे छत्तीस हजार झाले, उरले अठरा, त्याचे पन्नास टन, म्हणजे दीडशे. आणि एका कोयत्यानं, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीनं, दिवसाला दीड टन धरला तर शंभर दिवस. मग मी तेच फळ्यावर मांडतो, 54000 भागिले 360, आणि त्याला म्हणतो की तू आत्ता जे केलंस ते इथं लिही. तिथून पुढं भागाकार, मग शेकडेवारी, मग समीकरण. याला वेळ लागतो, रोज शाळेआधी अर्धा तास तरी, आणि वाचनालाही तसाच अर्धा तास द्यावा लागतो कारण शाब्दिक उदाहरण वाचताच आलं नाही तर सोडवणार काय. वर्गासोबतचे तास मात्र बुडवायचे नाहीत, त्याला वेगळं काढून कायमचं बाजूला बसवलं की तो पुन्हा गेलाच म्हणून समजा.

शिक्षक ऐकत असाल तर एक विनंती आहे, पोरगं आल्या आल्या भर वर्गात "कुठं होतास रे इतके दिवस" असं विचारू नका. कुठं होता ते सगळ्यांना माहीत असतं. हजेरीत नाव घ्या, पुस्तकं द्या, आणि जोडीला शांतपणे समजावून सांगणारा एखादा मित्र बसवा.

आणि आईबाप ऐकत असाल तर, शाळा सुटली म्हणजे दहावीही गेली असं नसतं. 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, पोरींनाही. फक्त फॉर्मची मुदत नेमकी हंगामाच्या तोंडावर हुकते, म्हणून गाडी भरायच्या आधी शाळेत येऊन चौकशी करा, कागदपत्रं आम्हाला दाखवा, आम्ही भरायला मदत करू. पोरगी आजीपाशी ठेवता येत असेल तर तेही तेव्हाच बोलू, उचल घेऊन झाल्यावर नाही, आधीच.