भगव्या रांगेतला घोंगडीवाला

मंडळी, लढाईच्या देखाव्याचा फोटो काढणाऱ्याला सगळ्यात जास्त भुलवते ती रांग. साताऱ्यात प्रतापगडाच्या लढाईचा देखावा होता. एकसारखे अंगरखे, एकसारखे भगवे फेटे घातलेले पन्नास मावळे पुढ्यात उभे राहिले आणि माझं बोट आपोआप बटणावर गेलं. फोटो सुरेखच आला. आज तो बघवत नाही.

कारण सरळ आहे. १६५९ साली गणवेश होता कुठं? शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन येणारा. बारगिराला घोडा सरकारी. दोघांनाही सरकारातून एका मापाचे कपडे मिळत नव्हते. जावळीतला पायदळाचा माणूस घरचं धडुतं, मुंडासं आणि घोंगडी घेऊनच येणार. आपल्याकडं कवायती पलटणी उभ्या राहिल्या त्या फार पुढं. महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपीय लष्करी अधिकाऱ्याला चाकरीला घेतलं ते १७८४ च्या सुमारास. म्हणजे सव्वाशे वर्षांचं अंतर आपण एका शिंप्याच्या ऑर्डरीत मिटवतो.

पोशाखानं बाजू ओळखू यावी हा हट्टही आपलाच. इकडं सगळे भगवे, तिकडं सगळे हिरवे, डोळ्यांत काजळ, दाढ्या काळ्याभोर. अहो, खानाच्या फौजेत मराठे सरदार होते, त्याचा वकील कृष्णाजी भास्कर होता. महाराजांबरोबर भेटीला गेलेल्या दहा अंगरक्षकांत सिद्दी इब्राहीम होता. त्या दिवशी रंगावरून माणूस ओळखायला गेला असतात, तर आपल्याच माणसावर वार केला असतात.

कापडाचं म्हणाल तर डोळ्यापेक्षा कॅमेरा जास्त निर्दय. पॉलिस्टरचं साटीन दुपारच्या उन्हात असं चमकतं की फोटोत खांद्यावर नुसता पांढरा डाग उरतो. मांजरपाट ऊन पितो. रंगांचंही तेच. पहिला कृत्रिम जांभळा रंग सापडला १८५६ मध्ये, त्याआधी सगळा कारभार नीळ, मंजिष्ठा, कुसुंबा, हळद यांच्यावर. आपल्या फेट्यांचा तो झगझगीत नारिंगी संगणकावर जरा उतरवता येतो, पण चमक काही जात नाही.

आणि हो, दांडपट्टा. सगळे शटर १/१००० सेकंदावर ठेवून फोटो काढतात. पातं गोठतं, माणूस पुतळ्यासारखा दिसतो. मी १/६० पर्यंत खाली येतो. पात्याची रेघ उमटते, फिरणारा हात पुसट होतो. मनगटावरचं घड्याळही पुसट होतं, हा फायदा मी सांगायला नको होता.

फोटोखाली काय लिहायचं, हे मात्र मी इथल्याच संग्रहालयात शिकलो. २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं आली, अख्खा सातारा बघायला लोटला. ज्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयानं ती पाठवली, तेच म्हणतं की महाराजांनी वापरली ती हीच, याची खात्री करता आलेली नाही. एवढं त्यांना लिहिता येतं, तर ‘देखावा, अमुक साल’ एवढे शब्द लिहायला आपली शाई संपते काय?

तर तो पन्नास मावळ्यांचा फोटो. खरं तर तिथं एक्कावन्न होते. रांगेच्या टोकाला एक म्हातारबा, मळकं मुंडासं, काळी घोंगडी, हातात भाला. माझी रांग मोडत होती म्हणून मी त्यांना कापून टाकलं. देखावा संपल्यावर चहाच्या गाड्यावर भेटले. म्हटलं, ‘आबा, तुम्ही भगवं नाही घातलं?’

‘आवं, समद्यांस्नी वाटलं. माज्या मापाचं घावलंच न्हाई. मंग घरचंच घालून आलो.’