ठिगळ उसवण्याआधी

मंडळी, नमस्कार. जुन्या गाडीत आधीच्यांनी केलेल्या तात्पुरत्या दुरुस्त्यांबद्दल, म्हणजे ठिगळांबद्दल, आज बोलायचं आहे. त्यासाठी सोबत एक नळी आणली आहे. पुढच्या रांगेतून मागे जाऊ द्या, हातात घेऊन नीट बघा. वीतभर लांबीची, पोलादी, पेन्सिलीपेक्षा बारीक. एक टोक पक्कडीने दुमडून वर हातोडीने चेपलेलं आहे. माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारीच्या मागच्या डाव्या चाकाच्या ब्रेकची ही नळी. गाडी घेतल्यावर दोन महिने मी घरच्यांना घेऊन पुण्यात हिंडलो. त्या दोन महिन्यांत एका चाकाला ब्रेकच नव्हता.

कळलं पावसाळ्यात. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की गाडीचा मागचा भाग किंचित फिरायचा. चारही चाकांच्या ब्रेकचे ड्रम उघडले. तीन चाकांचे लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या, झिजलेले, चौथ्याचे मात्र अगदी कोरे. कुणालाही वाटेल, नुकतेच बदललेत, उत्तम! पण त्याच ड्रमच्या आत गंजाचा थर होता. लायनर घासत असते तर ड्रम आतून लखलखीत दिसला असता. मग नळीवरून बोट फिरवत गेलो, आणि ॲक्सलपाशी बोटाला ही घडी लागली.

असं का केलं असेल? या गाडीत चारही चाकांकडे जाणारं ब्रेक ऑइल एकाच मास्टर सिलिंडरमधून, म्हणजे पॅडलने दाबल्या जाणाऱ्या मुख्य नळकांड्यातून, जातं. एका चाकाचा सिलिंडर गळायला लागला की दाब सगळ्यांचाच जातो, पॅडल थेट तळाला. समजा घाटात, रात्री असं झालं. जवळ किट नाही, दुकान नाही. नळी चेपायची आणि उरलेल्या तीन चाकांच्या ब्रेकवर सांभाळून घर गाठायचं. त्या रात्रीपुरतं हे शहाणपणाचंच आहे. पण दुसऱ्या दिवशी गाडी थांबतेय म्हटल्यावर ते तसंच राहिलं. गाडी विकताना कुणी सांगितलं नाही, आणि ते माझ्या पदरात पडलं.

मी त्या माणसाला शिव्या देत नाही. ही गाडी कोणत्या काळातली आहे ते आठवा. 1964 साली कुर्ल्याच्या कारखान्यातून ती फियाट 1100 डिलाइट म्हणून बाहेर पडू लागली, सत्तरच्या दशकात तिची पद्मिनी झाली. इंजिन तेच, 1089 सीसीचं. गाडीसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. मारुती आली 1983 च्या डिसेंबरात. तोवर मध्यमवर्गीय घरात आलेली मोटार ही पुढच्या पिढीलाही पुरवायची वस्तू होती. पार्ट मिळाला नाही तर आहे त्यात भागवायचं, हा तेव्हाच्या प्रत्येक गॅरेजचा रिवाज होता. त्या भागवण्यावरच या गाड्या आपल्यापर्यंत पोचल्या आहेत.

म्हणून माझा आग्रह असा, की ठिगळ दिसलं की लगेच उसवायला घेऊ नका. आधी ते वाचा. ते कशावर मारलंय, कुठलं दुखणं झाकायला मारलंय, हे कळल्याशिवाय नुसतं ठिगळ काढलं तर मूळ भोक तसंच राहतं आणि आपण त्यावर नवं ठिगळ मारतो.

दिव्यांचं उदाहरण जरा सविस्तर सांगतो. माझ्या गाडीच्या हेडलाइटमध्ये 100/90 वॅटचे बल्ब होते. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळलेला. स्टिअरिंगखालची वायर हाताला गरम लागायची, तिचं प्लॅस्टिक वितळून शेजारच्या वायरीला चिकटलं होतं. दिव्यांसाठी रिले, म्हणजे दिव्यांचा जड करंट स्वतःवर घेणारा वेगळा स्विच, नव्हताच. आता उलटं वाचत जा. वायर का तापली? फ्यूज जळायच्या जागी जळत नव्हता म्हणून. कागद का लावला? खरा फ्यूज सारखा जळत होता. का जळत होता? मूळचे 45 वॅटचे दोन बल्ब मिळून साडेसात अँपिअर घेतात, 100 चे दोन घेतात जवळजवळ 17. आणि मोठे बल्ब का घातले? उजेड कमी पडत होता म्हणून.

मग उजेड का कमी पडत होता? मी मीटर लावला. बॅटरीवर 12.6 व्होल्ट, बल्बच्या पिनांवर 10.1. अडीच व्होल्ट वाटेत गायब. मीटरची एक तार बल्बच्या अर्थवर (करंट परत नेणाऱ्या टोकावर) आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवली, तर तिथेच 1.9 व्होल्ट! बॅटरीच्या खाली, मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर अर्थची कडी एका स्क्रूने बसवलेली असते. तिच्याखाली रंग आणि गंज यांची पापडी जमली होती. पॉलिश पेपरने पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, कडी बदलली, वर ग्रीस लावलं. पंधरा मिनिटांचं काम. मूळ वॅटचे बल्ब घातले आणि गल्लीच्या टोकापर्यंतची भिंत स्वच्छ दिसू लागली. त्या पापडीपायी कुणाची तरी गाडी जळाली असती, माणसांसकट. हे सांगताना मला अजूनही अस्वस्थ होतं.

जळलेली वायर मात्र टेप गुंडाळून ठेवू नका. दोन्ही टोकांच्या चांगल्या भागापर्यंत कापून नवी टाका, त्याच जाडीची आणि शक्यतो त्याच रंगाची. पुढच्याला वायरिंगचा नकाशा बघताना रंगच वाट दाखवतात.

रेडिएटरमध्ये हळद निघाली. होय, आपली स्वयंपाकघरातली. बारीक गळती असेल तर मूठभर हळद टाकली की ती फुगून भोकात बसते आणि गाडी मुक्कामाला पोचते. ड्रायव्हर मंडळींना हे चांगलं ठाऊक आहे. पण ती हळद नंतर कुणी धुऊन काढली नाही, नळ्या तुंबल्या, गाडी तापू लागली. तापते म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप, काढून टाकला. त्याने भागलं नाहीच, उलट थंडीत सकाळी इंजिन तासभर गार राहायचं, चोक ओढून पेट्रोल प्यायचं. खालचा नळ उघडला तेव्हा पिवळा चिखल ओघळला. रेडिएटर पितळेचा असल्यामुळे वाचला. कारागिराने वरची टाकी डाग सोडवून उघडली, प्रत्येक नळीत पट्टी घालून साफ केली, गळती झाळली. थर्मोस्टॅट परत जागेवर. काटा आता घाटातही मधल्या रेघेच्या वर जात नाही.

पंप तापून पेट्रोलची वाफ होऊ नये म्हणून इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून उभ्या असलेल्या पद्मिनी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. त्या पंप आणि इंजिन यांच्यामधला उष्णता अडवणारा जाड तुकडा जागेवर आहे का, एवढं आधी बघा. माझ्या गाडीत तो कुणीतरी काढून पातळ पॅकिंग घातलं होतं.

आता पत्रा. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळे दाराखालची पत्र्याची पोकळ पेटी गंजली की शोभेचा प्रश्न राहत नाही. चुंबकाला पातळ कापड गुंडाळून दाराखालून फिरवा. जिथे पकड ढिली पडते तिथे आत लांबी, म्हणजे भोकं-खड्डे बुजवायची पुटी, भरलेली आहे. मी डावी पेटी उघडली तर तीन बोटं जाडीची लांबी, तिच्यामागे फायबर आणि त्याच्यामागे वर्तमानपत्राचे बोळे. एक बोळा सोडवला तर तारीख सापडली: सप्टेंबर 1997. म्हणजे ठिगळ कधीचं ते कळलं, आणि नंतरच्या प्रत्येक पावसाळ्यात तो कागद ओल धरून पत्रा कसा खात राहिला तेही. इथे घाई करू नका. पत्रा कापायच्या आधी दारं बंद करून फटी मोजून लिहून ठेवा, बॉडीला खालून योग्य जागी आधार द्या. नाहीतर नवा पत्रा सुंदर जोडला जाईल आणि दार मात्र कधीच लागणार नाही.

कामाचा क्रम विचाराल तर आधी ब्रेक आणि स्टिअरिंग, मग पेट्रोल, मग वायरिंग. रंग अगदी शेवटी. एका वेळी एकच ठिगळ उसवा आणि शंभरेक किलोमीटर चालवून बघा, म्हणजे नवा आवाज कशामुळे आला ते कळतं. आटे गेलेला बोल्ट दिसला तर दोऱ्याने, टेपने आवळू नका. नवे आटे पाडून घ्या, पुण्यात ते करणारे कारागीर अजून आहेत. पार्टसाठी नाना पेठ आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार आहेच, पण ब्रेकच्या बाबतीत जुना माल घेऊ नका. रबर कपाटात पडून पडूनही मरतं.

मलाही वाटेत कधी तात्पुरतं काही करावं लागतं. तेव्हा मी तिथे पिवळी पट्टी बांधतो आणि डॅशबोर्डच्या खणातल्या वहीत तारीख, किलोमीटर आणि काय केलं ते लिहितो. गाडी कुणाकडे गेली तर वही सोबत जाईल. सध्या वहीत एकच नोंद उघडी आहे: उजव्या पेटीच्या मागच्या टोकाला चुंबक नीट धरत नाही. पाऊस सरला की दिवाळीच्या सुट्टीत ती उघडणार आहे. लांबीखालचा पत्रा कसा निघतो ते प्रत्यक्ष बघायचं असेल त्यांनी जाताना मला सांगा, त्या दिवशी बोलावून घेईन.