सव्वाशे टनांचा हिशेब

[नियंत्रण कक्ष, रात्र. भिंतीवरच्या नकाशावर सरकणारी विमानं.]

मुंबईत रात्रीचे साडेनऊ वाजलेत. न्यूयॉर्कचं विमान निघायला अजून चार-साडेचार तास आहेत. प्रवासी घरी बॅगा काट्यावर चढवून बघतायत, लोणच्याची बरणी काढू की ठेवू यावर खल चाललाय. वैमानिक झोपलेत, उड्डाणाआधी पुरेशी विश्रांती हा नियमच आहे. आणि इथे, या टेबलावर, उड्डाणाचं काम केव्हाच सुरू झालंय.

टेबलामागे बसलेल्या बाई फ्लाइट डिस्पॅचर आहेत, म्हणजे जमिनीवर बसून उड्डाणाचा मार्ग आणि इंधन आखणाऱ्या. चेहरा दाखवायचा नाही असं ठरलंय, म्हणून पडद्यावर त्यांचे हात दिसतील, स्क्रीन दिसेल आणि पेन्सिल दिसेल. पेन्सिल त्या हातातून सोडत नाहीत.

[नकाशावर मुंबई–न्यूयॉर्क रेघ.]

मुंबई ते न्यूयॉर्क. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलं तर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. हा दोरा मुंबईतून निघतो तो पश्चिमेपेक्षा उत्तरेकडेच जास्त झुकलेला. पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचं टोक, मग रशिया, फिनलंड, नॉर्वे, आइसलँड, आणि तिथून खाली उतरत कॅनडाच्या लॅब्रॅडोरवरून न्यूयॉर्क. भूगोलाच्या हिशेबानं सर्वांत जवळचा रस्ता हाच.

पण आकाशाला मालक असतात. 24 एप्रिल 2025 रोजी पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. त्याआधी 2019 मध्ये, बालाकोटनंतर, ते जुलैच्या मध्यापर्यंत बंद होतं. दिल्लीच्या विमानांना याचा फटका मोठा. मुंबईला निदान समोर अरबी समुद्र आहे. विमान ओमानच्या दिशेनं निघतं आणि पश्चिम आशियातून वाट काढत युरोप गाठतं. ती वाटही दर वेळी मोकळी मिळेलच असं नाही. 13 जून 2025 च्या पहाटे इस्रायलनं इराणवर हल्ला केला आणि मुंबईहून लंडनला आणि न्यूयॉर्कला निघालेली विमानं अर्ध्या वाटेवरून माघारी आली. प्रवाशांचे हाल झाले.

[क्लोजअप: नोटॅमचा कागद. पेन्सिलची खूण.]

म्हणून पहिलं काम नोटॅम वाचण्याचं. नोटॅम म्हणजे वैमानिकांसाठीच्या सूचना. कुठली धावपट्टी दुरुस्तीला आहे, कुठला दिवा बंद आहे, कुठल्या पट्ट्यात लष्करी सराव आहे, कुठे उपग्रहाचा सिग्नल भरवशाचा नाही. लांबच्या उड्डाणाला या सूचनांची चवड होते. निम्म्याअधिक निरुपयोगी असतात, पण निरुपयोगी कुठल्या हे वाचल्याशिवाय कळत नाही. बघा, पेन्सिल थांबली. परत मागे गेली. एक ओळ अधोरेखित झाली.

आता वारा. जगभरच्या विमानांसाठी वरच्या वाऱ्याचा अंदाज दोन केंद्रं काढतात, एक लंडनला आणि एक वॉशिंग्टनला, दिवसातून चार वेळा. अमेरिकेला जाताना वारा बहुतेक समोरून येतो. त्यामुळे जायला पंधरा-सोळा तास लागले, तर यायला तास-दीड तास कमी लागतो. डिस्पॅचर एकाच उड्डाणाचे तीन-चार मार्ग संगणकाला घालून बघतात. एका मार्गाला अंतर कमी पण वारा तोंडावर. दुसरा लांबचा, पण वाऱ्याची कड चुकवणारा. तिसऱ्यात इंधन वाचतं, पण ज्या देशांवरून जायचं त्यांची फी वाढते. संगणक स्वस्तातला पर्याय पुढे करतो. तो घ्यायचा की नाही, हे मात्र या खुर्चीवर ठरतं.

[तळावर विमान. पंखाखाली इंधनाची गाडी.]

हे बोइंग 777-300 ईआर. टाक्या पूर्ण भरल्या तर 1,81,283 लिटर इंधन मावतं, म्हणजे सुमारे 145 टन. आणि विमान उडताना सगळं मिळून 351 टनांच्या वर असता कामा नये. सगळी झटापट या दोन आकड्यांच्या मधे आहे.

आज लागणार सव्वाशे टनांच्या आसपास. हा आकडा थरांनी बनतो. धावपट्टीपर्यंत जायला थोडं. मग प्रत्यक्ष प्रवासाचं, सर्वांत मोठं. त्यावर साधारण पाच टक्के, वारा अंदाजापेक्षा वाईट निघाला तर. त्यावर न्यूयॉर्कला उतरता आलं नाही तर दुसरा विमानतळ गाठण्यापुरतं: नेवार्क, बॉस्टन, फिलाडेल्फिया, हवामान बघून यातला एखादा. आणि सर्वांत तळाशी अर्ध्या तासाचं इंधन, दीड हजार फुटांवर घिरट्या घालण्यापुरतं. त्याला हात लावायचा नाही. बेत असा करायचा की उतरताना ते टाकीत शिल्लक असलंच पाहिजे.

मग आणखी दहा टन सावध म्हणून का टाकू नयेत? कारण घाटात चढणाऱ्या भरल्या ट्रकचं जे होतं तेच इथे होतं. इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. जादा घेतलेल्या वजनाचा तीन-चार टक्के भाग दर तासाला नुसता ते वाहण्यात जळतो. पंधरा तासांच्या प्रवासाला जादा टन घेतला, तर न्यूयॉर्कला पोचेपर्यंत त्यातला अर्ध्याच्या आसपास संपलेला असतो.

[क्लोजअप: काचेची बरणी, दिव्यासमोर.]

हे दृश्य नीट बघा. माहुलच्या रिफायनऱ्यांकडून नळानं विमानतळावर येणारं इंधन जमिनीखालच्या वाहिन्यांतून थेट विमानापाशी पोचतं. ते पंखात जाण्याआधी बरणीत नमुना घेतात. रंग स्वच्छ हवा, तळाशी गढूळपणा नको. मग सिरिंजच्या टोकाला एक पिवळी टिकली लावतात आणि तिच्यातून इंधन ओढतात. पाण्याचा अंश असेल तर टिकली हिरवी-निळी पडते. आज पिवळीच राहिली. कर्मचाऱ्यानं ती आपल्याला दाखवली, कॅमेऱ्याला दाखवली, आणि मग वहीत सही केली.

मीटर लिटर मोजतो, विमान किलो मोजतं. घनतेनं गुणायचं विसरलं किंवा चुकलं, तर काय होतं? 23 जुलै 1983 रोजी एअर कॅनडाचं बोइंग 767 हवेत इंधन संपून बंद पडलं, कारण किलोच्या जागी पौंडांचा गुणक धरला गेला होता. वैमानिकांनी ते गिमली नावाच्या गावाजवळ जुन्या धावपट्टीवर तरंगत नेऊन उतरवलं. सगळे वाचले. हा किस्सा या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ असतो.

[मालाचं दालन. पेट्यांचे ढीग.]

वजनाची दुसरी बाजू इथे. मे महिना, हापूस. वाशी किंवा लासलगावला विकिरण, म्हणजे किडीसाठी किरणांचा मारा, करून आलेल्या या पेट्या अमेरिकेला विमानाच्या पोटातून जातात. वारा वाईट असला किंवा मार्ग लांबला, की इंधन वाढतं, आणि इंधन वाढलं की आधी माल उतरतो, माणसं नाही. मुंबईच्या उकाड्यात हवा विरळ असल्यानं विमानाला वर उचलायला धावपट्टी जास्त लागते. तेव्हाही पहिली कात्री मालालाच. किती टन उतरवायचे हे सांगणारा फोन याच टेबलावरून जातो. फोनवर समोरून जे ऐकावं लागतं ते आम्ही चित्रफितीत ठेवलेलं नाही.

[नकाशा, अटलांटिक.]

हा निळा पट्टा अवघड. दोन इंजिनांचं विमान. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर ठरावीक वेळात विमानतळ गाठता आला पाहिजे. त्यामुळे समुद्रावरचा मार्ग किनाऱ्यावरच्या धावपट्ट्यांना धरून आखतात: आयर्लंडचं शॅनन, आइसलँडचं केफ्लाविक, कॅनडाचे गूज बे आणि गँडर. आपण तिथे उतरणार नाही. तरी तिथे धुकं आहे का, बर्फ आहे का, रात्री विमानतळ उघडा आहे का, हे सगळं आत्ता मुंबईत बसून तपासलं जातं. शिवाय आपलं विमान अटलांटिकवर पोचतं त्या वेळी अमेरिकेहून युरोपला येणाऱ्या विमानांचे ठरवून दिलेले रात्रीचे मार्ग अजून चालू असतात. आपण उलट दिशेनं. त्यांना टाळूनच रेघ ओढावी लागते.

[ब्रीफिंगची खोली. चार वैमानिक, एक कागद.]

रात्री साडेबारा. चार वैमानिक आले, दोन-दोन आळीपाळीनं विमान चालवतील. कॅप्टननं कागद उलटसुलट चाळला, आइसलँडच्या हवामानावर बोट ठेवलं आणि दीड टन इंधन जास्त मागितलं. बाईंनी कारण विचारलं. दोघांत दोन मिनिटं बोलणं झालं. इंधन वाढलं, आकडे परत निघाले. मग दोन सह्या, एक कॅप्टनची आणि एक बाईंची. विमानात पुढे जी घोषणा होते तिच्यात यातलं एकच नाव असतं.

[धावपट्टी. विमान उचललं जातं.]

जळालेल्या दर किलो इंधनामागे साधारण 3.16 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो; तो हिशेबही होतो, दुसऱ्या विभागात.

[पुन्हा नियंत्रण कक्ष. पहाट.]

विमान गेलं म्हणून टेबल रिकामं होत नाही. वाटेत प्रत्येक ठिकाणी उरलेलं इंधन बेताशी ताडून बघितलं जातं. तीस हजार फुटांवरून सुरुवात केलेलं विमान हलकं होत जाईल तसं वर चढतं, बत्तीस, चौतीस, छत्तीस. पश्चिमेला जाणाऱ्यांना सम आकडे. वरची उंची मिळाली नाही, खालीच अडकून राहावं लागलं, तर हिशेब बिघडतो आणि संदेश येतो.

सकाळी सहाला पाळी बदलली. बाईंनी अधोरेखित केलेली ती नोटॅमची ओळ नव्या माणसाला दाखवली, आइसलँडचं हवामान सांगितलं, आणि पेन्सिल पर्समध्ये टाकली.

शेजारच्या टेबलावर तोवर परतीचा बेत सुरू झालाय. तिथलं गणित वेगळं. वारा पाठीशी, पण अमेरिकेत मिळणारं जेट-ए इंधन उणे 40 अंशांना गोठू लागतं. आपलं जेट-ए-1 उणे 47 पर्यंत तग धरतं. थंडीत त्या उंचीवर बाहेरचं तापमान उणे 60 च्या आसपास जाऊ शकतं. त्यामुळे उत्तरेकडे किती झुकायचं, याचं उत्तर परतीच्या कागदावर निराळं असतं.